घर विकून पूर्णवेळ आरव्हीत राहायचं ठरवलंय: सामान कोणतं घ्यावं, मुक्काम कुठे करावा?

तुम्ही पन्नाशीच्या पुढचं जोडपं. मुलगी कॉलेजला गेली, मिस्टरांची नोकरी कुठूनही करण्यासारखी आहे, ग्रीन कार्ड हातात आहे. न्यू जर्सीतलं घर विकून आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायचं (तुमच्या बाबतीत ट्रक आणि त्यामागे ओढायचा ट्रेलर) आणि तीन-चार वर्षं त्यातच राहून अमेरिका पाहायची, असं तुमचं ठरतंय. तुम्ही विचारलंय की सामान काय लागेल, कॅम्पग्राउंड कसं निवडायचं, आपला रोजचा स्वयंपाक त्यात होतो का, आणि पुण्याहून सासू-सासरे आले तर त्यांची सोय कशी करायची.

आम्ही दोघं २८ फुटी ट्रेलरमध्ये राहतोय त्याला हे सातवं वर्ष. ट्रेलर मी ओढते, जोडण्या मीच करते, म्हणून उत्तरही मीच लिहितेय.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. तुम्ही सहलीला निघालेले नाही, बिऱ्हाड हलवताय. आरव्हीच्या सामानाच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात त्या वर्षातून दोन आठवडे बाहेर पडणाऱ्यांसाठी असतात. घडीच्या खुर्च्या, दिव्यांच्या माळा, सतरा प्रकारचे डबे. आम्ही तशीच एक यादी धरून ट्रेलर भरला आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यातलं निम्मं वाटून टाकलं. बिऱ्हाडाला लागतं ते वेगळं. वीज, पाणी-सांडपाणी आणि चाकं या तीन ठिकाणी पैसे सढळ हाताने खर्च करा. बाकी वस्तू वाटेत गरज पडेल तशा घ्या, दुकानं सगळीकडे आहेत.

विजेपासून सुरुवात करते. कॅम्पग्राउंडच्या खांबावर साधारण दोन प्रकारच्या जोडण्या असतात, ३० अँपिअर आणि ५० अँपिअर. आकड्यांवरून फरक दुपटीपेक्षा कमी वाटतो, पण तसं नाही. ३० अँपिअरवर १२० व्होल्टची एकच लाइन असते, म्हणजे ३,६०० वॉट. ५० अँपिअरवर तशा दोन लाइनी असतात, म्हणजे १२,००० वॉट. छोट्या ट्रेलरना बहुधा ३० अँपिअरचीच वायरिंग असते. एसी दीड हजार वॉटच्या आसपास घेतो, पाणी तापवायचा हीटर चौदाशे, इंडक्शन शेगडी पूर्ण जोरात अठराशे. तिन्ही एकदम चालू केले की ब्रेकर पडणारच. आमच्या घरात सकाळी नियम आहे: हीटर बंद केल्याशिवाय शेगडी लावायची नाही.

याच्याही आधी सर्ज प्रोटेक्टर घ्या, आणि तो व्होल्टेज कमी झालं तरी वीज तोडणारा घ्या. नुसता विजेचा झटका अडवणारा स्वस्त मिळतो, पण खरा धोका कमी व्होल्टेजचा असतो. जुलैच्या दुपारी चारशे ट्रेलरांचे एसी एकदम चालू होतात, व्होल्टेज घसरतं, आणि तेवढंच काम करायला कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून तापतो. पहिल्याच उन्हाळ्यात टेक्सासमधल्या एका खाजगी पार्कमध्ये आमचा एसी असाच जळला. तेव्हा आमच्याकडे साधा प्रोटेक्टर होता. आताचा साधारण १०४ व्होल्टच्या खाली गेलं की तोडतो, आणि खांबाची वायरिंग उलटसुलट असेल तर मुळात जोडूच देत नाही. तीनशे-साडेतीनशे डॉलर ही किंमत जास्त वाटते खरी, पण नवा एसी त्याच्या कितीतरी पट पडतो.

पाण्यासाठी पितळी प्रेशर रेग्युलेटर, तोही गेज असलेला आणि दाब कमी-जास्त करता येणारा. डोंगराळ भागात नळाला कधीकधी इतका दाब असतो की ट्रेलरच्या आतले प्लास्टिकचे जोड सुटतात, आणि ते कपाटाच्या मागे सुटले तर कळतं फरशी फुगल्यावरच. मी दाब ५० पीएसआयच्या वर जाऊ देत नाही. रेग्युलेटर ट्रेलरकडच्या टोकाला नको, नळाला लावा, म्हणजे होसही (पाण्याची नळीही) वाचतो. पिण्याच्या पाण्याचा होस वेगळा, टाकी धुण्याचा वेगळ्या रंगाचा, आणि दोन्ही एका कप्प्यात कधीही ठेवायचे नाहीत. थंडीत रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर आम्ही ट्रेलरची टाकी भरून घेतो, होस काढून गुंडाळतो आणि रात्रभर ट्रेलरच्या पंपाने टाकीतलंच पाणी वापरतो. गरम राहणारा होस मिळतो, चांगलाही असतो. पण नळच गोठला तर त्याचा काही उपयोग नाही.

सांडपाण्याबद्दल लोक बोलायला संकोचतात आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. ट्रेलरमध्ये दोन टाक्या असतात: संडासाची ब्लॅक टँक आणि मोरीची ग्रे टँक. पूर्ण हुकअपची, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेली, जागा मिळाली की नव्या माणसाला वाटतं, ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवू, आपोआप वाहून जाईल. पाणी वाहून जातं, घट्ट मैला तळाशी बसतो, वाळतो आणि त्याचा ढीग दगडासारखा होतो. तो काढायला पुढे माणूस बोलवावा लागतो. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी दोन-तृतीयांश भरू द्यायची, मग एकदम सोडायची. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होस धुऊन निघतो. होसला पारदर्शक एल्बो (वाकडा जोड) लावा, आत काय चाललंय ते दिसतं. हातमोजे वापरा, आणि ते एकदा वापरून टाकून द्यायचे.

इथे आपल्या सवयी फार उपयोगी पडतात. संडासात तांब्या ठेवला की कागद टाकीत जवळजवळ जातच नाही आणि पाणी भरपूर जातं. या टाकीला नेमकं तेच हवं असतं. सात वर्षांत आमची ब्लॅक टँक एकदाही तुंबली नाही. आंघोळीचंही तसंच. सहा गॅलनच्या हीटरवर शॉवर चालू ठेवला तर पाच-सहा मिनिटांत गार पाणी येतं. छोट्या बादलीत पाणी विसणून घेतलं की दोन गॅलनमध्ये आंघोळ होते, आणि हुकअप नसलेल्या जागी आमचे दोन-तीन दिवस वाढतात.

चाकांचं थोडक्यात. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या कडेला डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२१ असेल तर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वापरलेला ट्रेलर घ्याल तर टायर चकचकीत दिसले तरी तारीख बघा. आम्ही बघितली नव्हती. न्यू मेक्सिकोत आय-४० महामार्गावर टायर फुटला आणि त्याच्या पट्ट्यांनी फेंडरसकट खालचे पाण्याचे पाइपही तोडले. आता सहाव्या वर्षी टायर बदलतोच, हवेचा दाब दाखवणारे सेन्सर चारही चाकांना आहेत, आणि ताशी ६२ मैलांच्या वर मी जात नाही.

वजनही चाकांचाच विषय. दाराजवळ पिवळा स्टिकर असतो, त्यावर किती सामान भरता येईल ते पौंडांत लिहिलेलं असतं. आमच्या ट्रेलरवर १,५०० आहे. ऐकायला खूप वाटतं, पण ५० गॅलन पाणी भरलं की ४१७ पौंड तिथेच गेले. मग कपडे, हत्यारं, बॅटऱ्या, तांदळाची २० पौंडी पिशवी, बिडाचा तवा. सगळं भरून झाल्यावर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वाहनांच्या वजनकाट्यावर) एकदा वजन करा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतो त्या पुढच्या जोडावर, यायला हवा. त्याहून कमी आला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलतो. म्हणून जड सामान मागच्या टोकाला भरू नका.

आता स्वयंपाक. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. होतो, सगळा होतो. पुरणपोळीही होते. पण घरच्यासारखा करायला गेलात तर ट्रेलर सहन करणार नाही.

आतली जागा फार थोडी. फोडणीचा धूर छतावरच्या अलार्मला लागतो, आणि जमिनीलगत बसवलेला गॅस-डिटेक्टरही कधीकधी उगाच ओरडतो. तो खाली असतो कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. अलार्म वैतागाने काढून ठेवलेले लोक मी पाहिलेत. ते कृपा करून करू नका, झोपेत जीव वाचवणारी तीच एक वस्तू आहे, आणि तिचंही आयुष्य असतं. मागे तारीख छापलेली असते, उलटली की नवीन बसवा. फोडणी, तळण आणि वांगं भाजणं बाहेर. एक दोन-बर्नरची शेगडी आणि घडीचं टेबल, ही मी सामानात सगळ्यात वर लिहीन. अस्वलांच्या भागात मात्र शिजवून झाल्यावर भांडी, तेलाची बाटली, कचरा, सगळं आत. शेगडीसुद्धा पुसून आत.

गॅस आत जाळायचाच तर खिडकी किलकिली आणि छतावरचा पंखा चालू. एक पौंड प्रोपेन जळलं की दीड पौंडापेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार होते. थंडीत ती खिडक्यांवर आणि गादीखाली जमते आणि महिन्याभरात बुरशी धरते. म्हणून हुकअप असेल तेव्हा मी इंडक्शनवर शिजवते. रोजच्या भाड्याच्या जागी वीज सहसा भाड्यातच येते, गॅस आपला असतो.

प्रेशर कुकर दोन घ्या, तीन लिटर आणि पाच लिटर. गॅस वाचतो हे खरंच, पण पश्चिमेत गेल्यावर त्याची खरी किंमत कळते. कोलोरॅडोत ९,००० फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. साध्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी तिचे दाणे मोडत नाहीत. शेजारचे लोक भात कच्चा राहतो म्हणून तक्रार करत होते तेव्हा आमची खिचडी नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त देऊन व्यवस्थित झाली होती.

मिक्सर भारतातला आणू नका. तो २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. इथल्या भारतीय दुकानांत ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर मिळतो, चटणी-वाटणासाठी तोच. बॅटरीवर तो सहज चालतो: सातशे वॉट, तीन मिनिटं, म्हणजे ३५ वॉट-अवर. उलट इंडक्शन वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवली तर ६०० वॉट-अवर, म्हणजे १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीतली जवळपास निम्मी वीज. हुकअप नसेल तिथे गॅस, हुकअप असेल तिथे इंडक्शन, एवढं धरून चाला. आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती बाहेर हिचवर न ठेवता आत बसवून घ्या.

तेल-तुपाची कढई धुण्याआधी कागदाने कोरडी पुसा. ग्रे टँकला तुपाचा थर बसला की उन्हाळ्यात जो वास येतो तो कुठल्याही औषधाने जात नाही. हळदीचे डाग पांढऱ्या प्लास्टिक सिंकवर पहिल्या आठवड्यातच पडतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मुक्कामाबद्दल माझं मत ठाम आहे: हळू जा. नवीन लोक दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलतात आणि वर्षभरात थकून ट्रेलर विकतात. दर हलण्यात एक अख्खा दिवस जातो. शिवाय रोजच्या भाड्याने राहणं सगळ्यात महाग. खाजगी पार्कमध्ये महिन्याचं भाडं आम्हाला बहुतेकदा बारा-पंधरा रात्रींच्या भाड्याएवढंच पडलंय. मात्र महिन्याच्या भाड्यात वीज सहसा मीटरप्रमाणे वेगळी असते, ते आधी विचारा. काही पार्क दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर घेत नाहीत, तेही विचारा. हलायचं असेल तर रविवारी दुपारी हला. शनिवार-रविवारसाठी आलेले लोक तेव्हा निघालेले असतात, जागा निवडून मिळते, आणि सोमवारी सकाळच्या मीटिंगला मिस्टर इंटरनेट लावून बसलेले असतात. इंटरनेटसाठी स्टारलिंक (उपग्रहावरून चालणारं इंटरनेट) आणि मोबाइलचं सिम असं दोन्ही ठेवा. दाट झाडीत स्टारलिंकला आकाश दिसत नाही आणि वाळवंटात मोबाइलला टॉवर नसतो.

राष्ट्रीय उद्यानांत राहायची तुमची इच्छा आहे असं लिहिलंय. राहा, पण तिथल्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाहीत आणि जागा छोट्या ट्रेलरच्या काळातल्या आहेत. यलोस्टोनमध्ये पूर्ण हुकअप फक्त फिशिंग ब्रिजला मिळतं, आणि ग्रिझली अस्वलांमुळे तिथे तंबू किंवा कापडी भिंतींचा ट्रेलर चालत नाही. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर ट्रेलर व्हिलेजला पूर्ण हुकअप आहे. योसेमिटीच्या दरीत एकाही जागेला नाही. ग्लेशियरमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही. ट्रेलर तर नाहीच, पण मागे लांब हौदा असलेला चार दारांचा (क्रू-कॅब) ट्रकसुद्धा एकटाच २१ फुटांच्या पुढे जातो. ट्रक घेण्याआधी हा आकडा लक्षात ठेवा. रेक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी आरक्षणाच्या वेबसाइटवर बऱ्याच जागा सहा महिने आधी उघडतात आणि चांगल्या जागा काही मिनिटांत संपतात.

माझ्या आवडीच्या जागा मात्र वेगळ्या आहेत, आणि आपल्या लोकांना त्या फारशा माहीत नसतात. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने धरणं बांधली, त्यांच्या जलाशयांकाठी त्यांचीच कॅम्पग्राउंडं आहेत. वीज-पाणी असतं, सांडपाण्यासाठी डंप स्टेशन असतं, जागा प्रशस्त, दारात पाणी. बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांची मर्यादा असते. बासष्ट पूर्ण झालेल्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो, आणि त्यावर या जागा निम्म्या भाड्यात मिळतात. तुम्हाला त्याला वेळ आहे, पण तारीख नोंदवून ठेवा.

हिवाळ्यासाठी ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळची ला पोसा ही जागा बघा. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याची आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा तिचा हंगाम, आणि एका परवान्यावर तो पूर्ण हंगाम राहता येतं. पाण्याचा नळ आणि डंप स्टेशन आहे, वीज नाही. सौर पॅनेल चारशे वॉटच्या खाली असतील तर तिथे जाऊ नका. पहिल्या वर्षी तर नकोच. आधी हुकअपवर हात बसू द्या.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. पूर्णवेळ फिरणारे बरेच लोक कायमचा पत्ता साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडाचा करतात, कारण तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही आणि पत्र पुढे पाठवणाऱ्या सेवा जुन्या आहेत. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनला एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबची अशी सेवा आहे, हा क्लब १९७८ पासूनचा. फ्लोरिडाचा एक वेगळा फायदा: तिथल्या स्टेट पार्कमध्ये रहिवाशांना अकरा महिने आधी आरक्षण करता येतं, बाहेरच्यांना दहा. आरोग्य विमा मात्र राज्याशी बांधलेला असतो, राज्य निवडण्याआधी तो तपासा. आणि ग्रीन कार्डधारकाने पत्ता बदलला की दहा दिवसांच्या आत इमिग्रेशनला एआर-११ फॉर्मने कळवायचं असतं. तुमच्या ओळखीत कुणी एच-१बीवर असताना हे करायचं म्हणत असेल तर त्याला आधी वकिलाकडे पाठवा. त्या व्हिसाला कामाचं ठिकाण जोडलेलं असतं, आणि दुसऱ्या महानगर-क्षेत्रात राहून काम करायचं तर नोकरी देणाऱ्याला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो.

सासू-सासऱ्यांची सोय ट्रेलरमध्ये करू नका, असं मी स्पष्ट सांगते. सोफ्याचा पलंग होतो हे विक्रेता दाखवेल, पण त्यावर सहा आठवडे झोपणं म्हाताऱ्या पाठीला शक्य नाही. दाराच्या पायऱ्या उंच असतात. ओढत असताना ट्रेलरमध्ये बसणं बहुतेक राज्यांत बेकायदा आहे, म्हणून प्रवासात तेही तुमच्यासोबत ट्रकमध्येच, आणि दिवसाला दीडशे मैलांच्या वर नको. आमच्या आई-बाबांना आम्ही दोनदा आणलं. खाजगी कॅम्पग्राउंडमध्ये केबिनी असतात, ट्रेलरच्या जवळची एक त्यांच्यासाठी घेतली, एकाच ठिकाणी महिनाभर राहिलो आणि तिथूनच आजूबाजूला फिरवलं. सकाळचा चहा ट्रेलरच्या सावलीत, जेवण आमच्याकडे, दुपारची झोप त्यांच्या केबिनीत. आरक्षण करताना जागा आणि केबिन एकाच फोनवर मागा, म्हणजे शेजारी मिळतात. आणि केबिनीच्या आतच संडास-बाथरूम आहे ना, हे नक्की विचारून घ्या. साध्या केबिनींना ते नसतं, आणि रात्री टॉर्च घेऊन बाथहाउसपर्यंत चालत जाणं सत्तरीच्या माणसाला फार जड जातं.